बारीक अक्षरातली क्षमा

"आता वाचा," म्हणत काकांनी गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोरची काच बदलली.

खुर्चीतल्या जाडजूड गृहस्थांनी मान पुढे काढली.

"मान मागे. डोळ्यांनी वाचायचंय, नाकाने नाही."

"पाप," गृहस्थ म्हणाले. "पापच आहे ना ते?"

"पापच आहे. त्याच्या खालची ओळ?"

"खाली काही नाही."

"आहे. थांबा." काकांनी आणखी एक काच सरकवली. "आता?"

"क्ष... क्षमा."

"शाब्बास," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की ती क्षमा जणू आत्ता त्यांनीच खिशातून काढून दिली होती.

लाकडी फळ्यांच्या आडोशापलीकडे बारकी काचा घासायच्या चाकापाशी बसली होती. तिला काही दिसत नव्हतं, पण दिसायची गरजही नव्हती. हा खेळ ती लहानपणापासून ऐकत आली होती. आता काका एक पाऊल मागे सरणार, हात पाठीमागे बांधणार, आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारणार, "सगळ्यात शेवटची ओळ दिसते का बघा." ती ओळ मुंगीएवढ्या अक्षरांत होती: तुम्ही काय ठरवलंत?

गृहस्थांनी ती बिनचूक वाचली. थोडा विचार केला.

"काळी फ्रेमच बरी," ते म्हणाले.

बारकीने हसू दाबलं आणि चाक सुरू केलं.

तो तक्ता काकांनी तरुणपणी स्वतः रंगवला होता. डोळे तपासायचे इतर तक्ते असतात तसली सुटी, अर्थ नसलेली अक्षरं त्यांना मान्य नव्हती. माणूस खुर्चीत बसलाय, समोर बघतोय, मोठ्याने वाचतोय. अशी संधी फुकट घालवायची म्हणजे काय? म्हणून सगळ्यात वर हातभर मोठा 'देव', आंधळ्यालाही जाणवेल असा. मग बायबलमधल्या वचनाच्या ओळी, एकीपेक्षा एक लहान होत जाणाऱ्या. यात एक गोम होती, ती काकूंनी पहिल्याच दिवशी दाखवून दिली होती. पापाची ओळ ठळक होती आणि क्षमेची बारीक. ज्यांची नजर अधू त्यांच्या पदरी नुसतं पापच पडायचं. काका म्हणाले होते, तेच तर! बरोबर नंबर लागला की क्षमा दिसते. या उत्तरावर ते इतके खूश झाले की पुढे कित्येक वर्षं ते त्यांनी चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येकाला निदान दोनदा तरी ऐकवलं.

लोकांनी तक्ता वाचला. अर्ध्या शहराने वाचला असेल. आणि चष्मा घेऊन लोक आपापल्या घरी गेले. कुणी चिडलं नाही, कुणी वाद घातला नाही. काकांचे चष्मे चांगले असायचे, आणि चांगल्या चष्म्यासाठी माणूस चार ओळी काहीही वाचतो. पण त्यांतला एकही जण कधी रविवारी उपासनेला आला नाही. एकटी बारकी सोडून.

बारकी या दुकानात आली तेव्हा खरोखरच बारकी होती. काउंटरच्या वर तिचं फक्त डोकं दिसायचं. झाडू मारायची, काचा पुसायची. मग तिने काकांच्या खांद्यावरून बघून बघून चाकाचं काम उचललं. आता ती चांगली भरली होती, केसांत पांढरं डोकावत होतं, पण नाव तेच राहिलं. तिच्या घरी देवाधर्माचं कुणाला काही नव्हतं. तरीही काही वर्षांपूर्वी एका सकाळी ती काकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, काका, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं, आणि बारकीला कुणी काही विचारलंच नाही.

आता दुकान बंद होणार होतं. काकांचे हात थरथरू लागले होते, आणि थरथरत्या हाताने दुसऱ्याच्या डोळ्यापाशी जाणं त्यांना पटेना. बारकीला मोठ्या दुकानात काम मिळालं होतं. येत्या रविवारी मंडळीत काकांचा सत्कार होता. तरुण पाळकसाहेब नुकतेच सुवार्ता सांगण्याच्या पद्धतींचं एक शिबिर करून आले होते, आणि तेव्हापासून त्यांना सगळीकडे पायऱ्या दिसत होत्या. ओळख, संवाद, आमंत्रण, निर्णय. कालच ते दुकानात येऊन बारकीला सांगून गेले होते.

"ताई, साक्ष तुम्हीच द्यायची. तीन भाग करा. आधी मी कशी होते, मग काय घडलं, नंतर मी कशी झाले. मधल्या भागात तक्ता आणा. थोडक्यात, पण मनाला भिडेल असं."

"बघते," बारकी म्हणाली होती.

"बघते नको. हो म्हणा."

ती हो म्हणाली होती. पण मधला भाग काही तिच्या तोंडी बसत नव्हता.

गृहस्थ काळी फ्रेम पसंत करून गेले. जेवायची वेळ झाली तसा मागचा दरवाजा उघडून काकू आल्या. घर दुकानाच्या मागेच होतं, मधे फक्त एक अरुंद बोळ. हातातली ताटली त्यांनी बारकीच्या चाकाशेजारी ठेवली आणि आडोशापलीकडे एकदा डोकावून बघितलं. काका पुढच्या कपाटातल्या काचा फडक्याने पुसत होते.

"बारके," काकू कुजबुजल्या, "रविवारचं बसवलंस का?"

"नाही अजून."

"अगं बसव. त्यांना झोप नाही. उठून बसतात. परवा मला म्हणाले, जन्मभर लोकांना वाचायला लावलं, आलं कोण? मी म्हटलं, बारकी नाही का आली? तर म्हणाले, हो, बारकी आली. आणि मग जरा डोळा लागला त्यांचा." काकूंनी तिच्या दंडाला हात लावला. "तुझ्या एकटीवर चाललंय बघ त्यांचं. तक्त्याचं छान सांग. तेवढं करशील ना?"

"काकू, पण..."

"पण नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन आहे." आणि मग, जाता जाता, आनंद लपवता येत नसल्यासारखं त्यांनी सांगून टाकलं, "आणि रविवारी तो येतोय."

तो म्हणजे त्यांचा मुलगा. बारकी त्याला दादा म्हणायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. बाप जन्मभर लोकांना वर पोचवायचा आटापिटा करत होता आणि मुलगा ते काम रोज करत होता, असं काकू चेष्टेने म्हणायच्या. पण चेष्टा तेवढीच. दादा अठरा वर्षांचा असताना काकांनी त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवला होता, आणि शेवटची ओळ वाचून तो म्हणाला होता, "मी काही ठरवलेलं नाही, बाबा. तुम्हीच सगळं ठरवून ठेवलंय." त्यानंतर काकांनी हर तऱ्हा करून बघितली. समजावून, रागावून, पत्रकं पाठवून, त्याच्या लग्नाच्या जेवणात पाहुण्यांसमोर उभं राहून. हळूहळू त्याचं येणं थांबलं. फोन मात्र चालू होता. दर आठवड्याला काकू बोलायच्या, मग काका फोन घ्यायचे, आणि दोन वाक्यं झाली की म्हणायचे, "शेवटचं एक ऐक." ते शेवटचं म्हणजे वचनाची एक ओळ, नेहमीची, ठरलेली. ती पुरी व्हायच्या आत दादाला कुठल्या तरी इमारतीत तातडीचं काम निघायचं.

तो रविवारी येतो म्हणाला, हे त्या घरात केवढं होतं ते बारकीला माहीत होतं. तिने ताटली पुढे ओढली, आणि तशीच परत सरकवली.

काकू गेल्या आणि काका आत आले. पुढचं दार त्यांनी लोटून घेतलं होतं. बारकीसमोरच्या स्टुलावर ते बसले आणि फडक्याच्या घड्या घालू लागले. घडी मोडायचे आणि परत घालायचे.

"तुला एक विचारायचंय," ते म्हणाले. "कधीच विचारलं नाही मी."

"विचारा की."

"कोणती ओळ होती?"

बारकीला कळलं, पण तिने कळलं नसल्यासारखं केलं. "कसली ओळ?"

"तक्त्यावरची. तुला जी लागली ती. पापाची होती का क्षमेची? का शेवटची?" काका पुढे वाकले. "आणि मी तेव्हा काय बोललो होतो? चिडून बोललो होतो का गोडीने? मला आठवतच नाही बघ. खूप आठवून बघितलं."

"आता कशाला काढताय ते, काका?"

"तो येतोय ना." त्यांनी आवाज खाली आणला, जसं काही मुलगा बाहेरच्या खोलीत बसला होता. "उपासना झाली की त्याला इथे घेऊन येतो. दुकान शेवटचं बघायला म्हणून येईल, नाही म्हणणार नाही. खुर्चीत बसवतो. माझ्या हातून एवढ्या लोकांत एकदाच बरोबर जमलंय, तुझ्या वेळी. तेव्हा जे केलं ते तसंच्या तसं त्याच्या बाबतीत करायचं. तीच ओळ, तोच सूर. काही तरी मी बरोबर केलं होतं, बारके. ते काय होतं तेवढं मला सांग."

बारकीने हात फडक्याला पुसले. हात ओले नव्हतेच. काकूंचा शब्द तिच्या कानात होता. एक वाक्य पुरलं असतं. क्षमेची ओळ, काका, आणि तुम्ही अगदी गोडीने बोलला होतात. म्हातारा सुखाने झोपला असता. आणि रविवारी दादा त्या खुर्चीत बसला असता, काकांनी गोड सुरात त्याला क्षमेची ओळ वाचायला लावली असती, आणि दादा उठून जो गेला असता तो परत आला नसता. ते तिला चाकावरच्या काचेइतकं स्वच्छ दिसत होतं.

पण खरं सांगायचं म्हणजे या माणसाच्या हातून त्याचं एकुलतं एक फळ काढून घ्यायचं. ज्याने तिला काम शिकवलं, तिच्या आईच्या आजारपणात दुकान बंद ठेवून दवाखान्यात बसून राहिला, त्या माणसाच्या हातून. तिच्या बापाने तिच्यावर केली नसेल तेवढी माया काकांनी केली होती, आणि तिचाही जीव त्यांच्यावर होता. तिला रडू येईलसं वाटलं. आणि मग तिला दिसलं की काका तिच्या तोंडाकडे बघतायत, शाळेतल्या मुलाने उत्तरासाठी बघावं तसे.

"काका," ती म्हणाली, "मी तो तक्ता कधी वाचलाच नाही."

काकांच्या हातातली घडी थांबली.

"असं कसं? रोज पुसायचीस तू तो."

"पुसायचे म्हणूनच. धूळ बघायचे. अक्षरं कोण बघतंय."

"मग माझं बोलणं? मी दिवसभर बोलत असायचो. इथे आत ऐकू यायचं की."

"लोक ओळी वाचायचे तेवढं यायचं. चाक चालू असलं की पुढचं नाही यायचं." तिने खाली बघितलं. "आणि तुम्ही उपदेशाला लागलात की मी चाक चालू करायचे."

आता सुरुवात केलीच होती, आणि अर्धं खरं सांगून थांबणं बारकीला जमणारं नव्हतं.

"एका लहान मुलीचा चष्मा होता. आठवतो का, ती डोळे अगदीच अधू असलेली? काच जाड होती. दोनदा माझ्या हातून किनार उडाली. तुम्ही काही बोलला नाहीत, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिसरी मात्र जमली. उजेडात धरली, अगदी स्वच्छ. आणि मी म्हटलं, झालं बाई एकदाचं, तुझे उपकार. मोठ्याने म्हटलं. मग माझंच मला वाटलं, हे मी कुणाला म्हटलं?" ती थांबली. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं आणि शब्द हाताशी येत नव्हते. "तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी कितीतरी दिवस कुणाशी तरी बोलतेय. काम करता करता. साधंच. आज हात चालत नाहीये, आईला बरं वाटू दे, असलं. आणि ज्याच्याशी बोलतेय तो ऐकतोय. भीती नाही वाटली. ओळखीचंच वाटलं. कधीपासून ते नाही सांगता येणार मला. कुणी आणून सोडलं असं झालंच नाही. तो होताच तिथे."

"मग?"

"मग तुम्हाला सांगावं म्हणून मी उठून बाहेर आले."

"आणि?" काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी काय म्हणालो?"

"तुम्ही झोपला होतात."

"झोपलो होतो?"

"तपासणीच्या खुर्चीत. तोंड उघडं टाकून. घोरत होतात." आणि ते विचारतीलच म्हणून तिने तेही सांगून टाकलं. "कपाटातल्या काचा वाजत होत्या."

काकांनी घडी पुरी केली. मग उठले, फडकं स्टुलावर ठेवलं आणि आडोशापलीकडे पुढच्या खोलीत गेले. तपासणीची खुर्ची कुरकुरली. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

मागच्या दारात काकू उभ्या होत्या. पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या आणि शेवटचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी बारकीकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तांब्या ठेवून त्या लगबगीने पुढे गेल्या, आणि बारकी त्यांच्या मागोमाग.

काका पाठमोरे बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "असं मनाला लावून घेऊ नका. तिला नीट आठवत नसेल."

काकांनी खुर्ची वळवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चष्मा कपाळावर गेला होता, आणि ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून, श्वास पुरत नसल्यासारखे.

"घोरत होतो," ते काकूंना म्हणाले. "ऐकलंस का? मी घोरत होतो."

"ऐकलं. त्यात हसायचं काय?"

"अगं, जन्मभर मी जागा. कुणाला कधी काय बोलू, कोणता शब्द चुकला, कोण माझ्यामुळे राहून गेलं. आणि देवाने जेव्हा काम केलं तेव्हा मी घोरत होतो. मला उठवलंसुद्धा नाही त्याने." त्यांनी हाताच्या उलट्या बाजूने डोळे पुसले. हसू हळूहळू ओसरलं. "म्हणजे पोराला मी सांगायला चुकलो म्हणून सगळं चुकलंच, असं नाही. असं नाही ना, बारके?"

"नाही, काका."

"नाही," काका म्हणाले, स्वतःशीच. त्यांनी पाय लांब केले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. इतक्या वर्षांत त्यांना असं अंग सैल सोडून बसलेलं बारकीने जागेपणी तरी बघितलं नव्हतं. "पाळकांना हेच सांग रविवारी. घोरण्यासकट."

"त्यांच्या तीन भागांत ते बसायचं नाही."

"मधल्या भागात मी झोपलेला. बसतं की."

मग ते उठले आणि काउंटरवरच्या फोनपाशी गेले. काकूंनी आणि बारकीने एकमेकींकडे बघितलं. आज फोनचा वार नव्हता, आणि शिवाय आधी काकू बोलायच्या, मग काका, हा तर घरचा नेम. काकांनी स्वतःच नंबर लावला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "नाही, आई ठीक आहे. इथेच उभी आहे. अरे, रविवारचं सांगायला फोन केला. काम असलं तर नाही आलास तरी चालेल. तुझी धावपळ असते, मला माहितीये... नाही, रागावून नाही म्हणत. आलास तर बरंच वाटेल, ते आहेच. जेवलास का?... बरं. उन्हातान्हात फिरू नको फार." पलीकडून काही तरी विचारलं गेलं. "नाही, दुसरं काही नाही. एवढंच. ठेवतो."

आणि त्यांनी फोन ठेवला. बारकीच्या आठवणीत त्या घरातून फोन पहिल्यांदा इकडून ठेवला गेला.

"शेवटचं नाही सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"विसरलात?"

"नाही," काका म्हणाले, आणि लोटलेलं दार उघडायला गेले.

पुढचा वेळ नेहमीसारखा गेला. एक बाई काडी तुटलेला चष्मा घेऊन आल्या, एक तरुण जोडपं नुसत्या फ्रेमा बघून गेलं. काकू घरी गेल्या नाहीत. बाकावर बसून त्या उगाच डब्या लावत होत्या आणि मधूनच नवऱ्याकडे बघत होत्या. बारकी चाकापाशी होती. तिचं मन आता हलकं होतं, पण काकूंची नजर अजून निवळली नव्हती आणि ते तिला खुपत होतं.

दार धाडकन उघडलं. दादा आत आला तो कामाच्या कपड्यांतच, कोपरापर्यंत वंगणाने काळा, घामाघूम, आणि धाप इतकी लागलेली की पहिला शब्द फुटेना. तो सरळ काकांपाशी गेला आणि त्याने त्यांचं मनगट धरलं.

"काय होतंय, बाबा?"

"कुठे काय?"

"आई, डॉक्टरांना बोलावलं का?"

"कशाला रे डॉक्टर?" काकू गडबडून उठल्या.

"कशाला म्हणजे? फोनवर हे काहीच बोलले नाहीत. जेवलास का विचारलं आणि ठेवून दिला." तो आईकडून बारकीकडे आणि बारकीकडून बापाकडे बघत राहिला. "मला वाटलं, तुम्ही निरोपच घेताय."

काकांनी मनगट सोडवून घेतलं नाही. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर वंगणाची बोटं उठली होती.

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "बस."

दादा बाकावर बसला. काकूंनी पाणी आणून दिलं, ते त्याने एका दमात संपवलं. श्वास जागेवर यायला वेळ लागला. काका खुर्चीत त्याच्यासमोर बसले, तसे दोघे बाप-लेक गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ आले. जागाच तेवढी होती.

"मग आज ते का नाही सांगितलंत?" दादाने विचारलं. "नेहमीचं?"

बारकीने चाक बंद केलं. पाळकसाहेब असते तर म्हणाले असते, दार आपणहून उघडलंय, ताई, आता आत शिरा. जन्मभर काका ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो आता त्यांच्या मुलाने, स्वतःच्या तोंडाने, विचारला होता. काकांचं तोंड उघडलं. सगळ्या ओळी तिथे जिभेवर आल्या असतील, ठळक आणि बारीक, सगळ्या. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"तुला पाठ आहे ते," काका म्हणाले. "सारखं काय सांगायचं."

दादाने रिकामा पेला बाकावर ठेवला. तळहात पँटला पुसले, ते स्वच्छ झाले नाहीत, तरी पुसत राहिला.

"पाठ आहेच," तो म्हणाला. "लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना म्हणतो मी ते. खाली अंधार असतो. सवय म्हणून म्हणतो."

कधीपासून, असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते बारकीला दिसलं. काकांनी हात पुढे केला आणि मुलाच्या गुडघ्यावर ठेवला, आणि थरथर थांबावी म्हणून की काय, तो तिथेच दाबून धरला.

"उतरताना दोर नीट बघत जा," ते म्हणाले.